धर्म शिकवा, पण फरकांसकट

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी लोकांसमोर आला आणि दोन तट पडायला वेळ लागला नाही. मसुद्यात भगवद्गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना होती, एका प्रकरणाच्या आरंभी मनुस्मृतीतला श्लोक दिलेला होता. एक बाजू म्हणाली, मुलांवर संस्कार व्हायला नकोत का? दुसरी म्हणाली, सरकारी अभ्यासक्रमात धर्माचे कामच काय? वाद काही आठवडे गाजला आणि विरला. त्यात एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाठांतर करा किंवा करू नका, पण शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला शेजारच्या माणसाच्या धर्माविषयी काय ठाऊक असते?

जवळजवळ काहीच नाही, असे माझे उत्तर आहे. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. मुलांचे प्रश्न तासाच्या अधूनमधून येतात, बहुतेक वेळा घंटा व्हायच्या बेतात. मुसलमान मूर्ती का मानत नाहीत? आपल्या वर्गातल्या बौद्ध मुलीच्या घरी गणपती का बसत नाही? चर्चमध्ये प्रार्थनेनंतर जिभेवर काय ठेवतात? बटाटा भाजीच आहे, मग जैनांना का चालत नाही? या प्रश्नांत कुचेष्टा नसते, निखळ कुतूहल असते. पण त्यांना उत्तर देण्याची जागा वेळापत्रकात कुठेच नाही. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांचा एक पाठ आहे. त्यात जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम आणि पारशी धर्मांची ओळख होते, प्रत्येकाला थोड्याथोड्या ओळी मिळतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना तेवढे पुरे. पुढे दहावीपर्यंत धर्म भेटतो तो लढायांच्या, प्रबोधनाच्या, फाळणीच्या आडून. माणसे काय मानतात, का मानतात, त्यावरून त्यांच्यात आपापसांत काय वाद होतात, हे समजून घेण्याची पाळी पुन्हा येतच नाही.

मग ती जागा रिकामी राहते असे नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफिती ती भरून काढतात, आणि त्यांना हरकती-सूचना मागवाव्या लागत नाहीत. दहावीतल्या मुलाला रमजानच्या उपवासाचे कारण ठाऊक नसते, पण मुसलमानांविषयी चार ठाम वाक्ये त्याला तोंडपाठ असतात. हिंदूंविषयी, बौद्धांविषयी, ख्रिश्चनांविषयीही अशीच ठाम वाक्ये दुसऱ्या कुणाच्या तोंडी असतात. ती वाक्ये खोडून काढण्याइतकी माहिती वर्गात कुणाकडेच नसते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. दहावीच्या वर्षी, प्रत्येक माध्यमातल्या प्रत्येक मुलाला, जगातल्या प्रमुख धर्मांचा आणि धर्म न मानणाऱ्या विचारांचाही अभ्यास असावा. त्यात पूजा, प्रार्थना आणि पाठांतर नको. विषय म्हणून अभ्यास हवा.

दहावीच का, हे आधी सांगते. अकरावीला मुलांची पांगापांग होते. कुणी विज्ञानाला जातो, कुणी वाणिज्यला, कुणी आयटीआयला, कुणी पदविकेला, आणि कितीतरी मुलांचे, मुलींचे तर विशेषच, शिक्षण तिथेच थांबते. सगळ्या घरांतली मुले एकच पुस्तक घेऊन बसतात असे हे शेवटचे वर्ष. बारावीपर्यंत थांबलो तर हा विषय कला शाखेच्या काही मुलांपुरता उरेल. नॉर्वेत उच्च माध्यमिकच्या अखेरच्या वर्षी ‘धर्म आणि नीती’ हा विषय सक्तीचा आहे, पण विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाखांतच. सुतारकाम, वीजजोडणी, रुग्णसेवा असे व्यवसाय शिकणाऱ्यांना तो नाही. तिथे निदान दहावीपर्यंत धर्मांचा वेगळा विषय आधी होऊन गेलेला असतो. आपल्याकडे तोही नाही. वीजजोडणी करणारा मुलगा उद्या सगळ्या धर्मांच्या लोकांच्या घरांत शिरणार आहे. हा अभ्यास त्याच्या वाट्याला आलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट दहावीच्या बाजूने आहे. आपले पाठ्यपुस्तक मंडळ मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड अशा अनेक भाषांत तोच अभ्यासक्रम छापते. मालेगावच्या उर्दू शाळेतली मुलगी आणि संगमेश्वरच्या मराठी शाळेतला मुलगा एकाच पाठावरच्या एकाच प्रश्नाचे उत्तर लिहितात. तिने वारकरी संप्रदाय समजून घ्यावा, त्याने शिया आणि सुन्नी म्हणजे काय ते समजून घ्यावे, आणि दोघांनी दीक्षाभूमीवर काय घडले ते वाचावे. एवढे मोठे साधन हाताशी असताना आपण ते वापरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कायदा आड येतो, असे अनेक मुख्याध्यापकांना वाटते. येत नाही. संविधानाच्या २८व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे, आणि अनुदानित संस्थांत पालकांच्या संमतीवाचून ते मुलांवर लादता येत नाही. पण ही मनाई कशाला आहे, याचा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच केला होता. संस्कृत महाविद्यालयांत वेद-उपनिषदे शिकवली जातात, त्यांचे काय होणार, अशी शंका निघाली होती. बाबासाहेबांनी उत्तर देताना इस्लामचेच उदाहरण घेतले. ईश्वर एकच आहे आणि महंमद हे अखेरचे प्रेषित आहेत हे मानायला शिकवणे ही एक गोष्ट. त्या श्रद्धेचा अभ्यास किंवा संशोधन करणे ही अगदी वेगळी गोष्ट. मनाई पहिल्या गोष्टीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये, अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठासंबंधीच्या प्रकरणात, गुरूंच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सांगितले. १२ सप्टेंबर २००२ रोजी, राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान देणाऱ्या अरुणा रॉय खटल्याच्या निकालातही धर्मांच्या अभ्यासाला २८वे कलम आडकाठी करत नाही, हीच भूमिका कायम राहिली.

शिक्षणतज्ज्ञांनीही हे कधीच सांगून ठेवले आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने एखादा धर्म शिकवणे आणि धर्मांविषयी शिकवणे यांत स्पष्ट फरक केला. सर्व प्रमुख धर्मांची निवडक माहिती नागरिकशास्त्राचा किंवा सामान्य शिक्षणाचा भाग म्हणून शाळेपासून पहिल्या पदवीपर्यंत द्यावी, अशी त्याची शिफारस होती. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. साठ वर्षांपूर्वीची ही शिफारस आपल्याच मातीतल्या माणसाच्या देखरेखीखाली लिहिली गेली आणि आपल्याच राज्यात ती धूळ खात पडली आहे.

आता खरा अवघड भाग. अभ्यास म्हणजे काय शिकवायचे?

शाळांत आज धर्मांविषयी जे थोडेफार बोलले जाते ते बहुधा एकाच सुरात असते: सारे धर्म प्रेम शिकवतात, सारे मार्ग एकाच ठिकाणी जातात. प्रार्थनेच्या वेळी फळ्यावर चार धर्मांची चार चिन्हे काढली, ईदला शीरखुर्मा आणि नाताळला केक आणला, की काम झाले. या मागची भावना चांगली आहे, तिला मी नावे ठेवत नाही. पण ते खरे नाही, आणि जे खरे नाही ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना लगेच कळते. बुद्धाने सृष्टिकर्त्या ईश्वराला आपल्या विचारात जागा दिली नाही. इस्लामचा सगळा डोलारा एकाच ईश्वरावर उभा आहे आणि त्याला भागीदार मानणे हे तिथे सर्वांत मोठे पाप आहे. ख्रिस्ती माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो. मुसलमान त्याच येशूला, ईसा म्हणून, आदरणीय प्रेषित मानतो पण पुत्र मानत नाही. जैनांच्या दृष्टीने जग कुणी निर्माणच केलेले नाही. ज्यू धर्माला धर्मप्रसाराची ओढ नाही, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांना आहे. हे फरक वरवरचे नाहीत. माणसे यांच्यासाठी जगली आहेत आणि मेली आहेत. ‘सगळे एकच’ म्हणणे म्हणजे त्यांच्यापैकी कुणाचेही ऐकून न घेणे.

मुलांना सहिष्णुता शिकवायची तर ती फरक माहीत असताना शिकवावी लागते. शेजाऱ्याची श्रद्धा माझ्यापेक्षा वेगळी आहे, कदाचित मला ती पटणारही नाही, आणि तरी तिच्यासह राहण्याचा त्याला माझ्याइतकाच हक्क आहे, हे सोळाव्या वर्षी समजू शकते. जोतीराव फुल्यांना ते समजले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्या घरातल्या बाईने बौद्ध ग्रंथ वाचून वाटल्यास बौद्ध व्हावे, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून वाटल्यास ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून वाटल्यास मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि सगळ्यांनी कुणाचाही द्वेष न करता एकत्र नांदावे. या कल्पनेत दोन गोष्टी आहेत ज्या आपण विसरलो. एक, फुले चारही धर्मांना एकच म्हणत नाहीत. चौघांची निवड खरोखर वेगळी आहे. दुसरी, चौघेही आधी वाचतात, मग ठरवतात. मला दहावीचा वर्ग असा हवा आहे: कुणी काय व्हावे हे सांगणारा नव्हे, पण वाचायला लावणारा.

फरक धर्माधर्मांत जेवढे आहेत तेवढेच प्रत्येक धर्माच्या पोटात आहेत, आणि पाठ्यपुस्तके नेमकी इथे घसरतात. ‘मुस्लीम लोक असे करतात’, ‘हिंदू लोक तसे मानतात’ या थाटाची वाक्ये लिहायला सोपी असतात. पण खरे चित्र वेगळे आहे. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायल समाजाचेच घ्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. शतकानुशतके ते मराठी बोलत, नवस फेडताना मलिदा करत, ज्यू म्हणूनच जगले. इस्रायल झाल्यावर त्यांतले बहुसंख्य तिकडे गेले आणि १९६१ नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नासाठी त्यांच्या वंशावळीची चौकशी मागितली. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंनी रस्त्यावर उतरून झगडा दिला आणि १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत हे तिथल्या संसदेला आणि सरकारला मान्य करावे लागले. ज्यू कुणाला म्हणायचे हा प्रश्न ज्यूंमध्येच किती धगधगता होता, हे समजावून सांगायला मला युरोपातले उदाहरण शोधावे लागत नाही. रायगड जिल्हा पुरतो.

२०१६ हे एकच वर्ष घ्या. एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाण्याची मोकळीक मिळाली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत स्त्रियांना जाऊ देण्याचा निकाल दिला. दोन्ही ठिकाणी त्या त्या धर्मातल्याच बायका पुढे होत्या आणि त्या त्या धर्मातलीच माणसे त्यांना अडवत होती. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून शिकवले तर वर्गातल्या मुलींना काय वाटेल याची कल्पना मला करता येते, कारण त्या वयाच्या मुली असे प्रश्न स्वतःहून विचारतात. हमीद दलवाईंनी मुस्लीम समाजातल्या सुधारणांसाठी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढले, तेही या अभ्यासात यायला हवे. त्याच पानावर दलवाईंशी असहमत असलेला श्रद्धाळू मुसलमान काय म्हणतो, तेही यायला हवे.

आणि जात. हिंदू धर्माचा पाठ जातीला वगळून लिहिला तर तो खोटा होईल. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह, त्याआधीचे महाड, आणि १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर ही एका दीर्घ वादाची पाने आहेत, आणि हा वाद धर्माविषयीच होता. मात्र जात फक्त हिंदूंच्याच पाठात आणून बाकीच्यांना मोकळे सोडणेही खोटेच. महाराष्ट्रात मुस्लीम ओबीसींची चळवळ झाली, दलित ख्रिश्चनांचे प्रश्न आहेत, हे त्या समाजांतली माणसे स्वतःच सांगतात. सगळ्यांत अवघड पाठ हिंदू धर्माचाच होईल असे मला वाटते. वारकरी, महानुभाव, नाथ, शाक्त यांना एका पाठात बसवायचे. लिंगायत हा स्वतंत्र धर्म आहे की नाही यावर वाद आहे हे प्रामाणिकपणे सांगायचे. आणि गोंडांचा पारी कुपार लिंगो किंवा वारली, भिल्ल समाजांची दैवते यांना कुणाच्या तरी पोटात न कोंबता त्यांची म्हणून जागा द्यायची. हे जमवायला वेळ लागेल. तरी जमवायला हवे, कारण गडचिरोलीतल्या मुलीला पुस्तकात आपला देव भेटत नसेल तर ते पुस्तक तिचे नाही.

साहित्याला तोटा नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात राहतात. नांदेडला हुजूर साहिब आहे. देशभरात जेमतेम ५७,२६४ उरलेल्या पारशांची सर्वांत मोठी वस्ती मुंबईत आहे. कोल्हापूर-सांगलीकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे दिगंबर जैन आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्यातलेच, कुंभोजचे. सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह त्यांनी साताऱ्यात चालवले, आणि रयतच्या शाळांत शिकून गेलेल्या कितीतरी मुलांना ते जैन घरातले होते हे ठाऊकही नसते. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले आणि संतमालिकेत जाऊन बसले. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने १६१६ मध्ये दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापले. मात्र त्याच गोव्यात त्याच काळात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि धर्मन्यायालयाची दहशत होती, हेही सोबत शिकवले पाहिजे. ओव्या गोड आहेत म्हणून दहशत लपवायची नाही आणि दहशत होती म्हणून ओव्या टाकायच्या नाहीत.

शाळांच्या सहली वेरूळला जातातच. चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, मधली सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. मुले कैलासासमोर फोटो काढतात, डबा खातात आणि परततात. तिथून जवळच खुलताबाद आहे. त्याचे नाव काढले की आज औरंगजेबाच्या एकाच कबरीवरून भांडण सुरू होते, पण त्या गावात बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य चौदाव्या शतकात दख्खनेत आले आणि १३३७ मध्ये इथेच वारले. शेजारी भद्रा मारुती आहे. एका दिवसाच्या सहलीत, दहा किलोमीटरच्या आत, केवढा अभ्यास! सहलीआधी चार तास नीट शिकवले तर मुले बाराव्या लेण्यातून तेराव्यात जाताना काय बदलले ते स्वतः सांगतील.

परदेशांत हे प्रयोग झाले आहेत आणि काही फसलेही आहेत. फसलेले जास्त शिकवतात. नॉर्वेने १९९७ मध्ये सर्व मुलांसाठी धर्मांचा एक सक्तीचा विषय आणला. हेतू एकत्र शिकवण्याचाच होता, पण ख्रिस्ती धर्माला त्यात झुकते माप होते आणि ज्यांना आपले मूल काही भागांतून वगळायचे असेल त्या पालकांना स्वतःच्या खासगी विचारांची उकल शाळेपुढे करावी लागे. धर्म न मानणारे काही मानवतावादी पालक थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि जून २००७ मध्ये ९ विरुद्ध ८ मतांनी जिंकले. बहुसंख्याकांच्या धर्माला जास्त पाने मिळणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही हिंदू परंपरांना मिळतील. पण त्या पानांचा सूर उपदेशाचा झाला की सगळा विषयच नासतो, हे नॉर्वेकडून घ्यायचे. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने २००८ मध्ये नीती आणि धार्मिक संस्कृती असा विषय सुरू केला. श्रद्धाळू पालक म्हणाले, आमच्या श्रद्धेला तुम्ही इतर दहांपैकी एक करून टाकता. धर्मनिरपेक्षतावादी म्हणाले, तुम्ही धर्मांचे फारच कौतुक करता, टीका करत नाही. पालकांची सवलतीची मागणी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली, पण दुसऱ्या टीकेचे वजन वाढत गेले आणि २०२४ मध्ये तो विषय जाऊन त्या जागी संस्कृती आणि नागरिकत्वाचा विषय आला. मला यात दुसरी टीका बरोबर वाटते. ज्या पाठात प्रश्न विचारायची सोय नाही तो अभ्यास नव्हे, ती जाहिरात झाली.

कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो या मध्यम आकाराच्या शहराने २००० सालापासून नववीच्या मुलांना नऊ आठवड्यांचा जागतिक धर्मांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. शहरात अनेक पंथांचे ख्रिस्ती आहेत, शीख आहेत, मुसलमान, ज्यू आहेत. अभ्यासक्रम ठरवताना त्या सगळ्यांना विचारले गेले. शिक्षकाने स्वतःची श्रद्धा वर्गात सांगायची नाही, असा दंडक होता. पालकांना मुलाला वगळण्याची मुभा होती; फार थोड्यांनी ती वापरली. २००६ मध्ये या प्रयोगाची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसले की इतर धर्मीयांच्या हक्कांविषयी मुलांचा आदर वाढला होता, धर्माधर्मांतली साम्येही त्यांना अधिक दिसू लागली होती, आणि कुणाची आपल्या श्रद्धेवरची पकड त्यामुळे सैल झाली नव्हती. साम्ये दिसली याचे मला आश्चर्य वाटत नाही. आधी फरक नीट कळले की खरी साम्ये आपोआप डोळ्यांत भरतात, ती फळ्यावर लिहून द्यावी लागत नाहीत.

दहावीचे ओझे आधीच फार आहे, ही हरकत मी समजू शकते. शिकवण्या, सराव परीक्षा यांत मुले पिचलेली मी रोज बघते. म्हणून यासाठी गुणांचा नवा पेपर नको. जलसुरक्षा, स्वविकास व कलारसास्वाद असे श्रेणीचे विषय दहावीला आहेतच. तसा आठवड्याला एक तास पुरे. इतिहासाच्या पुस्तकातही जागा निघू शकते. २०१८ पासूनचे दहावीचे इतिहासाचे पुस्तक राजे आणि लढाया बाजूला ठेवून इतिहास कसा लिहिला जातो, वारसा कसा जपला जातो, हे शिकवते. पंधरा वर्षांच्या मुलांना इतका वरचा विचार झेपेल का, अशी शंका तेव्हाही होती. झेपला. साधनांकडे पारखून बघायला शिकलेली मुले धर्मग्रंथ आणि परंपरा यांच्याकडेही तसे बघू शकतात.

विवेकवादी मित्रांची हरकत वेगळी आहे. शाळेत विज्ञानदृष्टी शिकवा, धर्म घरी राहू द्या, असे ते म्हणतात. त्यांच्या चिंतेचा मी आदर करते, आणि म्हणूनच चार्वाक, आगरकर आणि आजचा नास्तिक या अभ्यासात हक्काने असले पाहिजेत असे म्हणते. पण धर्म घरी राहात नाही. तो मतदानात येतो, घर भाड्याने देताना येतो, लग्न जुळवताना येतो, रस्त्यावर येतो. ज्या गोष्टीवरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात तिच्याविषयी शाळेने मौन पाळणे ही विज्ञानदृष्टी नव्हे.

शिक्षकांच्या पूर्वग्रहांचे काय, ही हरकत मात्र सर्वांत खरी आहे. आम्ही शिक्षक याच समाजातले. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर काय फिरते ते मला माहीत आहे. बी.एड.च्या अभ्यासात या विषयाचे प्रशिक्षण दिल्याशिवाय आणि सेवेतल्या शिक्षकांना ते मिळाल्याशिवाय पुस्तक वर्गात जाऊच नये. दोन वर्षे लागली तरी लागू देत. पुस्तकाचा मसुदा प्रत्येक धर्माच्या पीठांकडे, मौलानांकडे, बिशपांकडे, भन्तेंकडे, महाराजांकडे जरूर पाठवावा. आपल्याविषयीचा पाठ त्यांना ओळखू आला पाहिजे. पण तेवढ्यावर थांबले तर पुस्तकात फक्त अधिकारी माणसांचा धर्म उतरेल. प्रत्येक पाठ त्याच समाजातल्या बायकांनी वाचावा, त्याच समाजात सुधारणेसाठी भांडणाऱ्यांनी वाचावा, आणि तो धर्म सोडून गेलेल्या एखाद्यानेही वाचावा. त्यांच्या हरकती मसुद्यासोबत छापाव्यात, आणि मंडळाने त्यांतली कोणती मानली, कोणती नाही आणि का, हेही प्रत्येक हरकतीखाली लिहावे.